टेस्टिंग टूर छान, ‘विंटेज’चा तेवढा घोळ

नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बाजूच्या या वायनरीची टूर घ्यायची तर जानेवारी ते मार्चमध्येच घ्या. तेव्हा द्राक्षांचा खुडा, म्हणजे तोडणी, चालू असतो. क्रेटमधले घड यंत्रात पडतात, देठ एकीकडे, मणी नि रस दुसरीकडे, हे समोर दिसतं. एरवी नुसत्या स्टीलच्या टाक्या. व्हाइटसाठी रस दाबून काढून थंड टाकीत आंबवतात, रेडला रंग सालीचा म्हणून साली रसातच ठेवतात. हे सगळं गाइड नीट समजावतो.

गडबड टेस्टिंगच्या टेबलावर होते. ‘ही आमची विंटेज’ असं तो म्हणतो ते ‘जुनी, म्हणून भारी’ अशा थाटात. मूळ अर्थ वेगळाच. लॅटिन ‘विनम’ म्हणजे वाइन, ‘देमेरे’ म्हणजे काढून घेणं. त्यातून ‘विंदेमिया’, म्हणजे आपला खुडाच! तो शब्द जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. आधी तोडणी, मग त्या हंगामाची वाइन, मग तिचं साल. जुन्या मोटारींना नि कपड्यांना तो फार नंतर चिकटला. ब्रिटनमध्ये साधारण १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांना विंटेज म्हणतात.

म्हणजे लेबलवर २०२४ असेल तर द्राक्षं त्या साली खुडलेली. बाटली कधी भरली ते यातून कळत नाही. आपली गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची, सप्टेंबर-ऑक्टोबरची, पण साल धरायचं ते पुढच्या खुड्याचं. युरोपात खुडा साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, त्यामुळे त्याच सालची नाशिकची वाइन वयाने सहा-आठ महिन्यांनी मोठी असते. स्पार्कलिंगवर, म्हणजे फेसाळत्या वाइनवर, साल नसेल तर बिचकू नका, बहुधा अनेक सालांचं मिश्रण मुद्दाम केलेलं असतं.

दुकानात सवलतीचा रॅक आहे, तिथे हे ज्ञान कामी येतं. शेनिन ब्लांक, सोविन्यों ब्लांक या साध्या व्हाइट दोन वर्षांत संपवायच्या. चार वर्षांपूर्वीचं साल, रंग तपकिरीकडे झुकलेला, तर सवलत कितीही असो, हात लावू नका. बॅरलमध्ये मुरवलेली शिराझ ही रेड मात्र चार-पाच वर्षं सहज टिकते, फक्त जपून ठेवलेली हवी. एप्रिल-मेच्या उन्हात बाटली डिकीत राहिली तर कुठलंच साल वाचवत नाही. बर्फाची पेटी सोबत न्या.