नागपूरच्या उन्हाळ्यात कॅबिनेट आणि एसएमपीएस: पैसे कशावर घालावेत?

घरी संगणक जोडणाऱ्याचे सारे लक्ष प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाकडे असते. कॅबिनेट आणि सर्व भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस उरलेल्या पैशांत उरकले जातात. नागपुरात हे महागात पडते, कारण मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, दुपारी खोलीतही ३५ अंशांच्या पुढे असतो आणि कॅबिनेटमधली हवा त्याहून तापलेली असते. पुढील तुलनेसाठी रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड ही मध्यम जुळणी धरली आहे.

सीताबर्डीच्या दुकानांत कॅबिनेट पाहताना खरी निवड दोन प्रकारांत असते: समोर अखंड काच असलेले आणि समोर जाळी असलेले. काचेचे कॅबिनेट देखणे दिसते, पण त्यातील पंखे कडेच्या अरुंद फटींतून हवा ओढतात, त्यामुळे आतले तापमान वाढते आणि पंख्यांचा आवाजही. जाळीतून हवा मोकळी येते, मात्र धूळही येते. म्हणून जाळीमागे काढून धुता येईल असा फिल्टर हवाच, आणि हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा एखादा जास्त असावा, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. माझा कौल निःसंशय जाळीला आहे. कूलरचा झोत मात्र थेट कॅबिनेटवर घेऊ नये, कारण ती हवा दमट असते आणि तिच्यासोबत ताट्यांचा चुराही येतो.

एसएमपीएसच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. स्वस्त कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर ‘४५०’ असा ठळक आकडा असला, तरी बाजूच्या तक्त्यातील १२ व्होल्टची ओळ वाचावी, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तिच्यावरच चालतात. तिथे १८ अँपिअर लिहिले असेल, तर हिशेब २१६ वॉटचाच होतो. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर हाच आकडा ४५ अँपिअरच्या आसपास, म्हणजे सुमारे ५४० वॉट असतो. आपल्या जुळणीत कार्ड ११५ वॉट आणि प्रोसेसर कमाल ८८ वॉट घेतो. बाकीचे भाग धरूनही ३०० वॉट क्वचितच ओलांडले जातील, त्यामुळे ७५० वॉटसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

त्यापेक्षा ही पूर्ण क्षमता किती तापमानाला दिली आहे, हे विचारावे. काही एसएमपीएस ती ४० अंशांपर्यंतच देतात, काही ५० अंशांपर्यंत; आपल्याकडे ५० अंशांचेच घ्यावेत. दर १० अंशांच्या वाढीला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या भागाचे) आयुष्य साधारण निम्मे होते, म्हणून आतील कपॅसिटर १०५ अंश सोसणारे असणे हा इथे चैनीचा भाग नाही. एसएमपीएसवरच्या ‘८० प्लस’ शिक्क्याची चाचणी सुमारे २३ अंशांच्या खोलीत होते, त्या शिक्क्यावरून कार्यक्षमता समजते, उन्हाळ्यातला टिकाऊपणा नव्हे.

आता ‘८० प्लस’च्या श्रेणींपैकी ब्राँझ की गोल्ड? कार्यक्षमता अनुक्रमे ८५ आणि ९० टक्के धरली, तर २०० वॉटच्या भारावर दोहोंत सुमारे १३ वॉटचा फरक पडतो. रोज सहा तासांच्या वापरात वर्षाला २८ युनिटच्या आसपास वाचतात, म्हणजे युनिटला आठ-दहा रुपये धरले तर सुमारे अडीचशे रुपये. दोहोंच्या किमतीतील अंतर याच्याशी ताडून पाहावे. रोज दोन-तीन तासच संगणक लावणाऱ्याला ५० अंशांचा ब्राँझ पुरतो, दिवसभर काम करणाऱ्याने गोल्ड घ्यावा.

वादळी पावसात वीज जाते-येते, तेव्हा यूपीएस लागतोच. तो घेताना व्हीएऐवजी (व्होल्ट-अँपिअरऐवजी) वॉटचा आकडा पाहावा, कारण ६०० व्हीएचे अनेक यूपीएस ३६० वॉटच देतात. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर एसएमपीएस बदलण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे.