४३ दाती काढून ३९ दाती क्राउन: साताऱ्यातल्या एका गॅरेजचा अनुभव

कोरेगावात माझं खता-बियाण्याचं दुकान आहे आणि दारात १९६८ची महिंद्रा सीजे-३बी. उंच बॉनेटवाली, २२०० सीसीचं पेट्रोल इंजिन, तीन गिअर. तिसरा डायरेक्ट, म्हणजे इंजिनचा एक फेरा तोच शाफ्टचा एक फेरा, त्याच्या वर काही नाही. ही गाडी बनली चिखलातून आणि कच्च्या रस्त्यानं ओढायला, आणि मी तिला महिन्यातून दोनदा लेकीकडं पुण्याला नेतो. साताऱ्यापासून ११० किलोमीटर. साठच्या पुढं गेलं की इंजिन अशी बोंब मारायचं की शेजारी बसलेल्या हिला काही सांगायचं असेल तर आधी माझ्या खांद्याला हात लावायची आणि मग ओरडायची. शिरवळला चहाला उतरलो तरी पाच मिनिटं कानात गुणगुण.

इंजिन चांगलं आहे. दोष आहे तो रेशोचा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागं शाफ्टला किती फेरे मारावे लागतात त्याचा. खडूनं टायरवर एक खूण केली, मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर एक, गाडी न्यूट्रलला टाकली आणि दुकानातल्या दोन पोरांना ढकलायला लावली. चाकाचा एक फेरा पुरा झाला तेव्हा शाफ्टचे पाच फेरे होऊन वर निम्म्याला थोडा कमी झाला होता. शाफ्टच्या टोकाचं छोटं दातेरी चाक म्हणजे पिनियन, त्याला ८ दात; ते ज्याला फिरवतं ते अॅक्सलमधलं मोठं चाक म्हणजे क्राउन, तिला ४३. म्हणजे ५.३८. खडूची ती खूण जमिनीवर २२० सेंटीमीटरवर परत टेकली. आता हिशेब करा: ताशी ८० म्हणजे मिनिटाला चाकाचे ६०६ फेरे, आणि टॉपमध्ये इंजिनचे जवळपास ३२६०. हे इंजिन ४०००च्या आसपास आपली सगळी ताकद संपवतं. हायवेला तासभर त्याला ३२६०वर फिरवणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला वरातीत नाचवत नेण्यासारखं आहे.

उपाय एकच, कमी रेशोची क्राउन-पिनियन बसवायची. हे काम मी आधी एकदा करून घेतलं होतं, पुण्यातल्या एका गॅरेजात. नाव लिहीत नाही. त्यांनी क्राउन एका जोडीतली आणि पिनियन दुसऱ्या जोडीतलं बसवलं. क्राउन-पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडी म्हणूनच बाहेर पडतात, त्यांची ताटातूट करायची नसते. ४०० किलोमीटरमध्ये मागून भोंगा वाजायला लागला. पैसे गेले ते गेलेच, वर जुनीच ४३ दाती जोडी परत बसवून घ्यावी लागली. त्यामुळं या वेळी साताऱ्यातल्या ज्या मिस्त्रींकडं गेलो, त्यांच्याकडं आधी दोन रविवार नुसता चहा प्यायला गेलो होतो.

त्यांचंही नाव देत नाही, पण कारण वेगळं. "लिहा की, पन नाव नगा घालू. हितं गाड्या लावाया जागा न्हाय," असं त्यांनीच बजावलंय. पाटी नाही, फोन उचलत नाहीत. कोरेगाव रस्त्याला जुन्या जीपांचं काम कोण करतं असं कुठल्याही स्पेअरच्या दुकानात विचारा, बोट दाखवतील.

मला हवा होता ३.७३. म्हटलं, एवढा खर्च करायचा तर पार आराम होऊ दे. मिस्त्रींनी हातातला पान्हा खाली ठेवला. "मालक, उताराला सुसाट जाईल. चढाला तुमी खाली उतरून ढकलनार का?" मग त्यांनी नीट समजावलं. ३.७३ला आतला कॅरिअरच, म्हणजे क्राउन ज्यावर बसते तो भाग, वेगळा लागतो, कारण या मागच्या डाना ४४ जातीच्या अॅक्सलमध्ये ३.९२ आणि त्यावरच्या रेशोंचा कॅरिअर एक आणि ३.७३ व त्याखालच्यांचा दुसरा. म्हणजे खर्च वाढला. आणि तीनच गिअर असलेल्या गाडीला चढाला मधला गिअर कुठून आणणार? त्यांनी ४.८८ सांगितला: पिनियनचे दात ८च, क्राउनचे ३९. फेरे जेमतेम नऊ टक्क्यांनी कमी. मला ते फारच कंजूष वाटलं होतं. दुरुस्तीवाला जास्त खर्चाच्या कामाला नाही म्हणतोय, हे मात्र मी लक्षात ठेवलं.

दुसरं असं की फक्त मागचं बदलून चालत नाही. बरेच जण पैसे वाचवायला तेवढंच करतात आणि पुढचा शाफ्ट काढून ठेवतात. मी पावसाळ्यात बामणोलीच्या बाजूला जातो, तिथं फोर-व्हील लागतंच. पुढं एक रेशो आणि मागं दुसरा असेल तर फोर-व्हील टाकल्याबरोबर दोन्ही अॅक्सल एकमेकांशी भांडणार आणि मोडणार मधला ट्रान्स्फर केस, म्हणजे दोन्हीकडं ताकद वाटणारी गिअरची पेटी. तेव्हा जोड्या दोन, बेअरिंग दोन्हीकडची, सील, गॅस्केट.

मागचे हब अॅक्सलच्या निमुळत्या टोकावर, टेपरवर, इतके घट्ट बसले होते की पुलर लावून घण मारावा लागला, पहिला सुटला तेव्हा तोफ उडाल्यासारखा आवाज आला. पण बघण्यासारखं होतं ते पुढचं. मिस्त्रींनी एका वाटीत शेंदूर घेतला, हो, मारुतीला लावतात तोच, तेलात कालवला आणि ब्रशनं क्राउनच्या पाच-सहा दातांना फासला. मग पोरानं फडक्यानं क्राउन दाबून धरली आणि त्यांनी पिनियन फिरवलं. दात दातावर घासला की शेंदूर पुसून चकाकतं लोखंड दिसतं, तो ठसा बघायचा. पहिला ठसा दाताच्या अगदी शेंड्याला आला. म्हणजे पिनियन लांब आहे, आत सरकवायला हवं. त्यासाठी पिनियन काढायचं, आतल्या बेअरिंगचा कप ठोकून बाहेर काढायचा, मागं शिम, म्हणजे कागदासारखी पातळ चकती, वाढवायची, परत सगळं बसवायचं. दुसरा ठसा मुळाशी गेला, शिम जास्त झाली. तिसऱ्यांदा तो दाताच्या मधोमध आला, बदामाएवढा. मिस्त्री काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली आणि तंबाखू मळायला घेतली. मग डायल गेज लावून क्राउनचा खेळ मोजला: सात थाऊ, म्हणजे इंचाचे सात हजारांश. पाच ते दहा चालतो, पण "सात म्हंजे सुखाचा". पुण्याच्या त्या गॅरेजात मी डायल पाहिलाच नव्हता, शेंदूर तर नाहीच.

आता तक्रारी. आठ दिवस सांगून एकोणीस लावले. मधले चार दिवस यात्रेचे, ते समजू शकतो. दोन दिवस गाडी जॅकवर आणि मिस्त्री कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या मागं, ते नाही समजू शकत. बिल वहीच्या पानावर, एकूण ४३,५०० रुपये, त्यात मजुरी ११,०००. पुढच्या पिनियनचा सील पहिल्याच आठवड्यात पाझरायला लागला. आणि स्पीडोमीटरचा विषय त्यांनी काढलाच नाही.

तो महत्त्वाचा आहे. काट्याची केबल ट्रान्स्फर केसमधून निघते, म्हणजे काटा शाफ्टचे फेरे मोजतो, चाकाचे नाही. आता काटा ७० दाखवतो तेव्हा गाडी ७७ला असते. लेकाच्या मोबाइलवर पडताळून पाहिलं, तंतोतंत. किलोमीटरचंही तेच: १००च्या जागी ९१ पडतात. मी आधी काट्यावरून पेट्रोलचा हिशेब केला आणि हिरमुसलो, लिटरला आठाच्या वर एक बोट सरकलं नव्हतं. दुरुस्त करून पाहिलं तर जवळपास नऊ.

पहिले ५०० किलोमीटर पन्नासच्या आत चालवली, अर्ध्या-अर्ध्या तासानं थांबून हाऊसिंगला हात लावून बघत. कोमट, चटका नाही. मग तेल बदललं, नव्वद नंबरचं जीएल-५. जुन्या तेलात चंदेरी चुरा होता, तो नव्या दातांचा असतोच.

आणि मग पुणे. आनेवाडी टोलनाक्याच्या पुढं खऱ्या ७५ला गाडी लावली. इंजिन २७७०, पूर्वी याच वेगाला ३०५० असायचं. कागदावर हे काहीच नाही. पण याच गाडीत ३०००च्या जवळ स्टिअरिंगपासून पायाखालच्या पत्र्यापर्यंत जी थरथर सुरू होते, तिच्या अलीकडं आता आम्ही चालतो. सुरूरच्या आसपास ही सहज म्हणाली, "वाईला आत्याकडं जाऊन येऊ का येताना?" हात न लावता, न ओरडता. मी "काय?" म्हटलं ते केवळ सवयीनं.

परतीला तेव्हा बोगदा नव्हता, खंबाटकीचा घाट चढावाच लागला, आणि तिथं किंमत कळली. मोकळा रस्ता असेल तोवर दुसऱ्या गिअरमध्ये नीट चढते. पण पुढं भरलेला ट्रक रांगायला लागला की दुसरा आता लवकर दम टाकतो. पहिल्याला सिंक्रोमेश, म्हणजे फेरे जुळवून गिअर अलगद बसवणारी सोय, नाही; चालत्या गाडीत तो घालायचा तर डबल क्लच, म्हणजे दोनदा क्लच दाबणं, आणि नशीब दोन्ही लागतं. एकदा मला पूर्ण थांबून पहिल्यावर निघावं लागलं, मागचे हॉर्न वाजवत होते. ३.७३ बसवला असता तर तिथंच मुक्काम पडला असता. मिस्त्रींना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग? आवं त्याच घाटात पोट भरतंय आमचं."

ब्रेक चारही ड्रमच आहेत, त्यामुळं खऱ्या ऐंशीच्या पुढं जात नाही.

पाचातले चार गुण. एक कापला तो ट्रॅक्टरच्या दोन दिवसांचा आणि सीलचा मिळून. सील फुकट बदलून देतो म्हणालेत, सोमवारी सकाळी आठला गाडी लावायची आहे. डबा घेऊन जाणार आहे.