नर्सरीतली बियांची पाकिटं: अंबाडी जरूर घ्या, चुका तारीख बघूनच

जूनमध्ये घराजवळच्या नर्सरीतून पालेभाज्यांच्या बियांची पाच पाकिटं आणली. अंबाडी, लाल माठ, पालक, मेथी, चुका. एक पाकीट वीस रुपयांना. गच्चीवर सकाळचं चार-पाच तास ऊन येतं. ग्रोबॅगमध्ये निम्मी माती, निम्मं शेणखत.

अंबाडीने मन भरलं. पाचव्या दिवशी जवळपास सगळं बी वर आलं. पहिली पानं साधी, मग हळूहळू बोटांसारखी फाकत गेली, देठ लालसर. शेंडा खुडला की बगलेतून दोन फुटवे येतात, त्यामुळे चार बॅगांवर पावसाळाभर दर आठवड्याला भाजी झाली. माझं माहेर लातूरचं. पुण्यात मंडईतली अंबाडी घरी येईपर्यंत मान टाकते, तिला ती चव नाही. पानं उकडून पिळून घ्यायची, शिजलेली तूरडाळ, तांदळाच्या कण्या आणि शेंगदाणे घालून घोटायची, गुळाचा खडा, आणि ताटात वाढल्यावर वरून लसूण-सुक्या मिरचीची चरचरीत फोडणी. सोबत ज्वारीची भाकरी. आई जेवायला होती, तिने दुसऱ्यांदा मागून घेतली.

लाल माठही उत्तम. बी मोहरीहून बारीक, म्हणून मूठभर कोरड्या वाळूत मिसळून फेकावं, नाहीतर एकाच जागी दाटी होते. विरळणीत उपटलेली कोवळी रोपं टाकू नका, भाजीत घाला.

मेथीचं पाकीट घेऊ नका. डब्यातली मेथी पेरली तरी तशीच उगवते.

पालकावर 'बारमाही' छापलंय, ते पटलं नाही. जूनमध्ये पावभरही उगवला नाही. उरलेलं बी रात्रभर भिजवून ऑक्टोबरमध्ये टाकलं, तेव्हा छान आला. हे बी गुलाबी असतं, औषध लावलेलं. मुलांच्या हाती देऊ नका.

चुका मात्र एकही उगवला नाही. पाकिटावरचा तारखेचा शिक्का पुसलेला होता, आणि मी न बघता घेतलं. दुकानातल्या दादांनी कुरकुर न करता दुसरं दिलं, पण त्यावरही तारीख वाचता येत नव्हती. बी जुनं की नवं हे गिऱ्हाइकाला कळलंच पाहिजे. पेरणीचा महिना वाया जातो, तो वीस रुपयांत भरून निघत नाही.

अंबाडीची दोन झाडं न खुडता ठेवलीत. पिवळी फुलं लागलीत, बोंडं वाळली की बी धरणार आहे.