बारशाला बाबागाडी: मोठी घ्यावी, हलकी घ्यावी की थांबावं?

माझ्या मामेबहिणीला आठवा महिना लागलाय. माहेर सांगलीला विश्रामबागेत, सासर इथे साताऱ्यात मंगळवार पेठेत. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे बारसं सांगलीतच होणार आणि मामा-मामी बारशाला बाबागाडी देणार, हे घरात केव्हाच ठरलंय. परवा तिने दोन गाड्यांचे फोटो पाठवले. "ताई, तू दोन्ही प्रकार वापरलेस. यातली कुठली घेऊ?" तिला फोनवर सांगितलं ते नीट मांडून लिहितेय. साताऱ्यात राहणाऱ्या दुसऱ्या कुणालाही हाच प्रश्न पडला असेल तर उपयोग होईल.

पहिल्या फोटोतली गाडी मोठी. रुंद चाकं, पाठ पूर्ण आडवी होणारी, बाळाचं तोंड आपल्याकडे किंवा रस्त्याकडे करता येईल असं उलटं-सुलटं फिरणारं हँडल, खाली ऐसपैस जाळी. वजन 11 किलो. दुसरी हलकी. तीन घड्या होऊन खांद्याला अडकवता येणारी, छोटी चाकं, साडेसहा किलो. किमतीत फार फरक नाही. साधी छत्रीसारखी मिटणारी गाडी 3 ते 5 हजारांत मिळते. या दोघी त्याच्या वरच्या पट्टीतल्या, साधारण 8 ते 12 हजारांच्या. परदेशी नावाच्या 20 हजारांच्या पुढे जातात, पण त्यांचा विचार आपण करत नाही आहोत.

मी आधी मोठी वापरली. आम्ही शाहूपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. रस्त्यावर ती गाडी फार छान चालायची. गटारावरच्या झाकणांची फट असो, स्पीडब्रेकर असो, खडी उघडी पडलेला रस्ता असो, मुलगा झोपलेला असला तर उठायचा नाही. सदर बझारच्या सपाट, सावलीच्या रस्त्यांवर तर ती एका हाताने ढकलता यायची. पण खाली उतरायचं म्हटलं की प्रश्न यायचा. आधी बाळाला खाली नेऊ की गाडीला? बाळाला वर एकटं ठेवता येत नाही, खालीही ठेवता येत नाही. म्हणजे घरात दुसरं माणूस असेल तरच बाहेर पडायचं. सिझेरियन झालेल्या बाईला डॉक्टर पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका म्हणून सांगतात, आणि ही गाडी बाळाच्या तिप्पट वजनाची. आठवड्यातून दोनदा बाहेर पडलो तर खूप, असं व्हायला लागलं.

मुलगा सात महिन्यांचा झाल्यावर हलकी घेतली. त्याला कडेवर घ्यायचं, दुसऱ्या हाताने गाडीचं बटण दाबून झटका द्यायचा, मिटली की पट्टा खांद्याला. रोज संध्याकाळी एकटीने बाहेर पडायला लागले. दोन्ही गाड्यांचे सगळे गुणदोष एका बाजूला ठेवले तरी माझ्या लेखी ही एक गोष्ट सगळ्यांत मोठी आहे: बाळ कडेवर असताना जी एका हाताने मिटते, तीच रोज वापरली जाते. दुकानात सेल्समन दोन्ही हातांनी, पायाने रेटून मिटून दाखवतो. त्यावर जाऊ नका. स्वतः, एका हातात पाच किलोची पिशवी धरून मिटून बघा.

आता रस्त्याचं. सांगली कृष्णाकाठची, सपाट. विश्रामबागेतून शंभर फुटी रस्त्याला जा नाहीतर आमराईत फेरी मारा, कुठलीही गाडी छानच चालणार. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेलं गाव. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे येताना चढ, राजवाड्यापासून समर्थ मंदिराकडे अजून चढ, आणि मंगळवार पेठेतल्या गल्ल्या तर त्याच्या आडव्या-तिडव्या. सांगलीत चालवून पसंत केलेली गाडी इथे वेगळी वागते. 11 किलोची गाडी आणि 7 किलोचं बाळ म्हणजे 18 किलो चढावर रेटायचं आणि उतारावर तेवढंच मागे ओढून धरायचं. उतारावर मला चढापेक्षा जास्त भीती वाटते. समर्थ मंदिराच्या बाजूने खाली येताना समोरून रिक्षा आली म्हणून थांबले, ब्रेक दाबला, तर एकाच मागच्या चाकाला ब्रेक लागला आणि गाडी त्या चाकाभोवती हळूच वळायला लागली. माझा हात हँडलवर होता म्हणून काही झालं नाही. त्या दिवसापासून कुणीही विचारलं की मी पहिल्यांदा ब्रेक सांगते. एकाच पट्टीवर पाय दिला की मागची दोन्ही चाकं जाम व्हायला हवीत. आणि हँडलला मनगटात अडकवायचा पट्टा हवा. तो नसेल तर जाड नाडीचा करून घ्या.

खराब रस्त्यावर मात्र हलकी गाडी हरते, हे कबूल करायला हवं. तिची पाच-सहा इंची चाकं फटीत अडकतात, पुढची चाकं थरथरतात. पुढच्या चाकांना लॉक असेल तर ती सरळ धरून ठेवता येतात, त्याने बराच फरक पडतो. मोठ्या गाडीत हवेचे टायर असतील तर धक्के अजून कमी लागतात. हवा कमी झाली तर सायकलच्या दुकानात भरून मिळते. मोठीचा आणखी एक फायदा म्हणजे तिची बैठक उंच असते. पोवई नाक्यासारख्या ठिकाणी गाड्यांचा धूर खालच्या थरात साठतो आणि हलक्या गाडीतलं बाळ नेमकं सायलेन्सरच्या उंचीला येतं. मी हलकी गाडी घेऊन नाक्यावर, स्टँडच्या बाजूला जातच नाही. गोडोलीच्या तळ्याकडे नाहीतर सदर बझारच्या आतल्या रस्त्यांनी जाते.

हे झालं सहा महिन्यांनंतरच्या बाळाचं. पण बहिणीला गाडी बारशाला मिळणार आहे, बाराव्या दिवशी. खरी अडचण इथे आहे.

बाळाची मान साधारण चौथ्या महिन्यात सावरते, आधाराशिवाय ते सहाव्या-सातव्या महिन्यात बसायला लागतं. त्याआधी अर्धवट बसवलेल्या गाडीत ठेवलं तर डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून तान्ह्या बाळाला पाठ पूर्ण आडवी होणारी गाडीच चालते. मोठी गाडी इथे निर्विवाद पुढे आहे. हलक्यांपैकी काहींची पाठ जवळजवळ आडवी होते, बऱ्याच जणींची होत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '0 ते 3 वर्षं' छापलेलं असतं आणि आतल्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत 6 महिन्यांपुढे वापरा, असं लिहिलेलं असतं. पुस्तिकेवर विश्वास ठेवा. युरोपच्या इएन 1888 किंवा अमेरिकेच्या एएसटीएम एफ 833 या मानकाची नोंद असेल तर ब्रेक, कुलूप, पट्टे तपासून घेतलेत असं धरायला हरकत नाही.

मग बारशाला मोठीच घ्यावी का? माझं मत, नाही. आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत. पुढेही तिसऱ्या महिन्यापर्यंत ती सांगलीतच असणार, मामीच्या मांडीवर आणि पाळण्यात. गाडी कोपऱ्यात उभी राहणार आणि तिच्यावर दुपटी वाळत पडणार. ती साताऱ्याला येईल तेव्हा बाळ चौथ्या महिन्यात असेल. म्हणजे आडव्या पाठीची गाडी जेमतेम दोन महिने कामाची, आणि त्यानंतर मंगळवार पेठेतल्या त्या जुन्या घराचा अरुंद लाकडी जिना रोज 11 किलो घेऊन चढायचा.

त्याऐवजी पहिल्या सहा महिन्यांत दोन गोष्टी जास्त लागतात, आणि त्या दोन्ही गाडी नाहीत.

पहिली, कारसीट, म्हणजे मोटारीत बाळाला पट्ट्याने बांधून ठेवायची खास सीट. दवाखान्यातून घरी हा बाळाचा पहिला प्रवास, आणि पुढे सांगलीहून कराडमार्गे साताऱ्यापर्यंत महामार्गाचा मोठा पल्ला. आपण बाळाला मांडीवर घट्ट धरून बसतो आणि वाटतं की सुरक्षित आहे. ताशी 60 वेगाने जाणारी मोटार एकदम थांबली तर 4 किलोचं बाळसुद्धा कुणाच्याही हातात राहत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 194 बी कलम आलं. 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याची खास सीट नसेल तर 1000 रुपये दंड आहे. तान्ह्याची सीट नेहमी मागच्या बाकावर आणि पाठीमागे तोंड करून लावायची. समोर एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर तर कधीच नाही. 13 किलोपर्यंत चालणारी, इसीई आर 44/04 किंवा नव्या आर 129 या सुरक्षेच्या मानकाचं लेबल असलेली घ्या. दर दीड-दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढून आडवं करायचं. आणि सीट कुणाची वापरलेली घ्यायची असेल तर तिला कधी अपघात झाला नाही, हे माहीत असलेल्या माणसाकडूनच.

हीच सीट गाडीच्या सांगाड्यावर बसवता येते असा तिसरा प्रकारही मिळतो, ट्रॅव्हल सिस्टिम म्हणतात. झोपलेलं बाळ न उठवता मोटारीतून थेट गाडीवर. ज्यांच्या घरी लिफ्ट आहे, डिकी मोठी आहे आणि जे दर आठवड्याला पुण्याला जातात त्यांना ती सोयीची पडेल. बहिणीच्या मोटारीत मागे सीएनजीची टाकी आहे. राहिलेल्या जागेत तो सांगाडा मावणार नाही. गाडी कुठलीही घ्या, आधी डिकी टेपने मोजा. टाकी असेल तर टाकी धरून.

दुसरी, अंगावर बांधायची कॅरिअर. ऊसतोडीला आलेल्या बाया लुगड्याची झोळी झाडाला बांधून बाळ झोपवतात, पाठीला किंवा पोटाशी बांधून कामं करतात. कॅरिअर त्याचंच शिवलेलं रूप. साताऱ्याच्या गल्ल्या, जिने, भाजी मंडईची गर्दी, एसटी, सगळीकडे ती चालते. बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर, पाय फाकलेले, मांड्यांना पूर्ण आधार, असं बसायला हवं. नुसते लोंबणारे पाय नकोत. चेहरा सतत दिसला पाहिजे आणि मान वाकवली की आपल्या ओठांना त्याचं कपाळ लागलं पाहिजे, इतकं वर. बऱ्याच कॅरिअर साडेतीन किलोपासून चालतात, तेही पुस्तिकेत बघा. मात्र कॅरिअरमध्ये बाळ बांधून स्कूटरवर बसायचं नाही. ती चालण्यासाठी आहे, पडल्यावर वाचवण्यासाठी नाही. दुचाकीवर लहान मुलांना नेण्यासाठी केंद्राने 2022 मध्ये नियम केला. 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधलेला खास पट्टा लागतो, वेग 40 च्या वर नको. त्याहून लहान बाळाला दुचाकीवर नेऊच नये, असं मी म्हणते.

मामीने फोनवर आणखी एक सुचवलं: गाडी, झोका आणि वॉकर असं एकात तीन मिळतं, तेच घेऊन टाकू. त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. वॉकरमुळे मूल लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून, उंबऱ्यावरून पडण्याचा धोका वाढतो. कॅनडाने 2004 मध्ये वॉकर विकण्यावरच बंदी घातली. मंगळवार पेठेतल्या त्या घरात तर प्रत्येक खोलीला उंबरा आहे.

सहा महिन्यांनी हलकी गाडी घ्यायला जाल तेव्हा ती साताऱ्यात घ्या, आणि दुकानाबाहेर रस्त्यावर नेऊन बघा. सीटवर गव्हाच्या पिठाची दहा किलोची पिशवी ठेवून चढावर ब्रेक लावा. पट्टा खांदे, कंबर आणि पायांमधून असा पाच ठिकाणी बांधणारा हवा. सीटचं कापड काढून धुता यायला हवं. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओली गाडी चार दिवस तशीच राहिली की कापडावर बुरशीचे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. टप खोल, म्हणजे बाळाच्या छातीपर्यंत सावली देणारा हवा. ऊन लागतं म्हणून गाडीवर ओढणी पांघरायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. ती सोडा. आत हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त गरम होतं, बाळ घामाने भिजतं आणि आपल्याला दिसतही नाही. मच्छरदाणी चालेल.

हलक्या गाडीच्या हँडलला पिशवी अडकवायची नाही, हे मला एका संध्याकाळी कळलं. मंडईतून आले होते, हँडलला मेथी, दोन किलो कांदे आणि एक कलिंगड. मुलाला उचलून घेतलं त्याच क्षणी गाडी मागे उलटली आणि दांडा फरशीवर आपटला. मुलगा माझ्या हातात होता. त्याला उचलायच्या आधी तो स्वतः मागे रेलला असता तर डोकं फरशीवर गेलं असतं. तेव्हापासून भाजी पाठीवरच्या सॅकमध्ये.

बहिणीने मामांना सांगितलंय की बारशाला कारसीट द्या, आणि गाडीचे पैसे उष्टावणापर्यंत ठेवा. मामी जरा खट्टू झाली. पाहुण्यांसमोर गाडी दिसली असती, सीट कुणाला कळणार, असं तिचं म्हणणं. मामांनी मात्र लगेच मोटारीच्या मागच्या बाकाचे पट्टे ओढून त्यांची लांबी सीटला पुरते का ते बघायला घेतलं. मोठी गाडी मी सदर बझारला आईकडे, तळमजल्यावर ठेवलीय. तिची चाकं, ब्रेक, पट्टे सगळं ठीक आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यात दोन महिन्यांपुरती लागली तर बहीण ती घेऊन जाईल.