जवारी सुटी ऐकू येते का? पाच ओपन-बॅक हेडफोनची तुलना

गळा आणि तंतुवाद्यं हेच तुमचं मुख्य ऐकणं असेल, तर निकाल आधीच सांगतो: सेनहायझर एचडी ६००. १९९७ साली बाजारात आलेलं हे मॉडेल आजही मिळतं आणि ख्याल, नाट्यगीत, भावगीत यांसाठी बाकीच्या चौघांपेक्षा जास्त समाधान देतं. खालचा बेस मात्र त्यात कमी आहे, आणि तो कमी आहे हे डग्गा पहिल्या दोन आवर्तनांतच सांगून टाकतो. या त्रुटीवर उपाय आहे, तो पुढे येईल. तुलनेतले बाकीचे चार म्हणजे सेनहायझर एचडी ५६०एस, बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो, एकेजी के७०२ आणि हायफायमॅन सुंदरा. सुंदराचा ड्रायव्हर (पडदा हलवून आवाज काढणारा भाग) प्लेनर मॅग्नेटिक, म्हणजे सपाट पडद्याचा; एचडी ६०० धरून बाकी चौघांचे नेहमीचे डायनॅमिक.

ओपन-बॅकमध्ये पडद्याच्या मागच्या बाजूने निघणारा आवाज जाळीतून बाहेर निघून जातो. बंद कपात तोच आवाज भिंतीवर आपटून परत येतो, मधल्या पट्टीत डबाबंदपणा येतो आणि आवाज कानाच्या आतच कोंडल्यासारखा वाटतो. याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. तुमचं गाणं शेजारी बसलेल्याला ऐकू जातं, आणि खोलीतला पंखा तुम्हाला. लोकलमध्ये किंवा ऑफिसात हे हेडफोन निरुपयोगी. ऑनलाइन मीटिंगलाही घ्यायचे नाहीत, कारण समोरच्याचा आवाज जाळीतून निघून तुमच्या माईकमध्ये शिरतो आणि त्याला स्वतःचाच प्रतिध्वनी येतो. पंख्याची घरघर तर नेमकी तानपुऱ्याच्या खालच्या अंगावर बसते, मग हात आपोआप आवाज वाढवायला जातो. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी आहे. पंखा एक नंबरवर आणून ऐका, ही मर्यादा सहज सांभाळता येते.

पारखायला तानपुऱ्यासारखी दुसरी चीज नाही. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात जोडीच्या तारा सुमारे १३८.६ हर्ट्झला आणि खर्ज ६९.३ हर्ट्झला लागतो. जवारी (घोडीवर तार घासून उठणारा झंकार) चांगली असेल तर खर्जाचा मूळ स्वर तसा क्षीण असतो, ताकद सगळी वरच्या स्वयंभू स्वरांत, म्हणजे त्याच तारेतून आपोआप निघणाऱ्या पटीतल्या स्वरांत असते. पाचवा स्वयंभू म्हणजे गंधार, ३४६.५ हर्ट्झला. हेडफोन चांगला असेल तर हा गंधार शोधावा लागत नाही, खर्ज छेडल्यावर क्षणभराने तो आपण होऊन उमलतो आणि जवारीचा झंकार त्याच्यावर वेगळा तरंगतो. हेडफोन तिखट असेल तर झंकाराचा नुसता पत्रा वाजतो. मधली पट्टी दबलेली असेल तर गंधार गायब. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घिस्सा बेसची खोली दाखवतो, ‘स’ आणि ‘श’ वरची टोचणी दाखवतात. एखादं जुनं, खरखरीचं ध्वनिमुद्रणही हाताशी ठेवावं. खरखर गाण्याच्या मागे राहते की अंगावर येते, एवढंच त्यात बघायचं.

दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी नसेल तर सगळी मेहनत वाया. एक डेसिबलने मोठा असलेला हेडफोन मोठा वाटत नाही, ‘जास्त चांगला’ वाटतो. दुकानात होणारी फसगत बहुतेक इथलीच. घरी पातळी जुळवायला एक जुनी सीडी पुरते. तिच्या १५ मिलिमीटरच्या भोकामागे फोनचा माईक नीट टेकवा, पुढच्या बाजूने हेडफोनची गादी बसवा आणि ५०० ते २००० हर्ट्झपुरता गाळलेला पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खळखळाट) वाजवा. डेसिबल मोजणाऱ्या ॲपमधला आकडा खरा असायची गरज नाही, दोन्ही हेडफोनला तो अर्ध्या डेसिबलच्या आत सारखा आला की झालं. पूर्ण पट्टीचा नॉइज घेऊ नका, कारण ज्याचा बेस जास्त त्याचा आकडा फुगतो आणि तुम्ही त्याचा गळा नकळत लहान करून ठेवता.

आता एकेक जोडी.

डीटी ९९० प्रो (२५० ओहम इम्पिडन्स, म्हणजे वीजप्रवाहाला होणारा रोध) पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना आवडतो. ढोलकीची थाप भरदार, घुंगरं लखलखीत. पंधराव्या मिनिटाला ‘स’ टोचायला लागतो. ८ ते ९ किलोहर्ट्झच्या आसपास मोठा उंचवटा आहे आणि बेसही फुगवलेला आहे, त्यामुळे मधला गळा दोघांच्या कात्रीत सापडतो. जुन्या ध्वनिमुद्रणाची खरखर इथे गायकाच्या पुढे येऊन बसते. गाद्या मखमली आणि पाचही जोड्यांत सर्वांत मऊ, बांधणी दणकट. पण गुंडाळीची केबल कायमची जोडलेली आहे, तुटली तर डागकाम करावं लागतं. सिनेमा, गेम, इलेक्ट्रॉनिक संगीत यांना हा ठीक. ख्यालाला नाही.

के७०२ मध्ये मैफलीचा पट सगळ्यांत रुंद. तबला एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला, मध्ये भरपूर मोकळी हवा. मात्र त्या हवेत अंगच कमी पडतं: डग्गा कोरडा, पुरुषी आवाज जरा हडकुळा. व्हायोलिन किंवा बासरी ऐकणाऱ्याला तो कदाचित भावेल.

एचडी ५६०एस हा समंजस पर्याय आहे. १२० ओहम, वजन सुमारे २४० ग्रॅम, आणि कंपनीच्या आकड्यानुसार १ व्होल्टला ११० डेसिबल, म्हणजे लॅपटॉपवरही पुरेसा वाजतो. बेस एचडी ६०० पेक्षा खोल उतरतो. घिस्सा इथे पूर्ण ऐकू येतो, तुटत नाही. कमी पडतो तो गळ्याचा ओलावा. साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास थोडा चटका आहे, त्यामुळे चढ्या पट्टीच्या बायकी आवाजात तार सप्तकात धार येते. जवारी सुटी होते, पण जरा जास्तच सुटी, गंधारापासून तुटून. पैसे मोजूनमापून खर्च करायचे असतील आणि ॲम्पची (हेडफोनला जोर देणाऱ्या वेगळ्या यंत्राची) भानगड नको असेल, तर बेधडक घ्या.

सुंदराचा बेस या पाचांत सर्वांत सच्चा. प्लेनर पडद्याला सगळ्या पृष्ठभागावर सारखा जोर मिळतो, म्हणून बेस खालपर्यंत सपाट जातो आणि आवाज वाढवला तरी चिखल होत नाही. पखवाजाची थाप आणि तिच्यामागची खोली, दोन्ही वेगळी कळतात. पण १ ते २ किलोहर्ट्झमध्ये हलकी दरी आहे. गायक एक पाऊल मागे सरकून बसतो आणि साथ पुढे येते. काहींना हे ‘प्रशस्त’ वाटतं. बोल-आलापातले शब्द ऐकायचे असतील तर हे अंतर खटकतं. वजन ३७२ ग्रॅम, दोन तासांच्या मैफलीत मानेला जाणवतं. बजेट आखडतं असेल तर याच कंपनीचा एचई४००एसई याच वळणाचा आहे, थोडा पातळ.

आणि एचडी ६००. तानपुरा सुरू होताच गंधार जागेवर येतो. झंकार आणि मूळ स्वर एकाच तारेतून निघाल्यासारखे जोडलेले राहतात. पेटीच्या दोन रीड किंचित बेसूर असतील तर त्यांची लहर मोजता येईल इतकी स्पष्ट. आवाज लावताना गायकाने घेतलेला श्वास, मींडेत दोन स्वरांमधली वाट, खालच्या स्वरावर गळ्याला पडलेला भार हे सगळं दिसतं, आणि तरी कोणी भिंगाखाली धरून दाखवतंय असं वाटत नाही. जुनं ध्वनिमुद्रण यावर सर्वांत सुसह्य: खरखर असते, पण भिंतीपाशी. कमतरता दोन. पट अरुंद आहे, सगळी मैफल डोक्याच्या जवळजवळ बसते. आणि साधारण ८० हर्ट्झखाली बेस उतरत जातो, म्हणून डग्ग्याचा नाद कळतो पण घुमारा छातीपर्यंत येत नाही. याचाच भाऊ एचडी ६५० थोडा उबदार आणि वरून मऊ. तिखट ध्वनिमुद्रणं जास्त ऐकत असाल तर तो, नाहीतर ६००.

एचडी ६०० हा ३०० ओहमचा, पण ‘३०० ओहम म्हणजे मोठा ॲम्प लागतो’ हे अर्धसत्य आहे. १०५ डेसिबलच्या उसळीसाठी डीटी ९९० ला (१ मिलिवॉटला ९६ डेसिबल) सुमारे १.४ व्होल्ट लागतात, पण विद्युतप्रवाह जेमतेम ६ मिलिअँपिअर. सुंदराला (३७ ओहम, ९४ डेसिबल) ०.७ व्होल्टच पुरतात, प्रवाह मात्र १८ मिलिअँपिअर. एचडी ६०० डीटी ९९० च्याच गोटातला. म्हणजे जास्त ओहमवाल्याला व्होल्टेज हवं, प्लेनरला प्रवाह. २ व्होल्ट देणारा कुठलाही साधा यूएसबी डॅक-डोंगल (फोन-लॅपटॉपला लावून हेडफोन जोडायचं छोटं यंत्र) पाचही जोड्या नीट चालवतो. १ व्होल्टचा डोंगल आजच्या, वरच्या पातळीला मुद्रित केलेल्या गाण्यांना पुरतो, जुन्या हळू पातळीच्या मैफलींना तोकडा पडतो.

ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्सही (त्याच्या स्वतःच्या जॅकमधला रोध) बघा. एचडी ६०० चा इम्पिडन्स १०० हर्ट्झच्या आसपास ५०० ओहमपर्यंत चढतो. काही जुन्या रिसीव्हरच्या हेडफोन जॅकला १२० ओहमचा रोध असतो, त्यावर याचा बेस सुमारे १ डेसिबलने वाढतो. वाईट नाही, पण तुलना करताना माहीत असावं. सुंदराचा इम्पिडन्स सपाट असल्याने त्याचा स्वर बदलत नाही, नुसता आवाज कमी होतो.

एचडी ६०० च्या कमी बेसवरचा उपाय म्हणजे इक्वलायझर (आवाजाचे खालचे-वरचे भाग हवे तसे कमी-जास्त करणारं साधन), आणि तो लावणं म्हणजे पाप नव्हे. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट ही साधनं पुरतात. एचडी ६०० साठी १०० हर्ट्झला लो-शेल्फ (त्याखालचं सगळं उचलणारा फिल्टर) +४ डेसिबल (क्यू, म्हणजे बदल किती अरुंद ते, ०.७), ३२०० हर्ट्झला −२ डेसिबल (क्यू २), आणि प्रीॲम्प (एकूण पातळी) −५ डेसिबल. प्रीॲम्प विसरलात तर जोरदार समेवर डिजिटल क्लिपिंग होऊन आवाज चिरतो, आणि दोष हेडफोनला मिळतो. बेस +६ च्या पुढे नेऊ नका. डायनॅमिक ड्रायव्हरची विकृती खालच्या पट्टीत झपाट्याने वाढते, डग्गा फुगतो पण त्याचा सूर हरवतो. सुंदरा +६ आरामात सोसतो. त्याला १७०० हर्ट्झला +२.५ द्या, गायक पुढे येऊन बसतो. डीटी ९९० ची टोचणी नेमकी कुठे हे प्रत्येक कानागणिक थोडं वेगळं असतं. ५ ते १० किलोहर्ट्झचा साइन स्वीप (खालून वर सरकत जाणारा एकच स्वर) हळू आवाजात चालवा, जिथे टोचेल तिथे −५ किंवा −६ डेसिबल, क्यू ३.

नवा एचडी ६०० डोकं आवळतो. दोन्ही बाजूंच्या दांड्या पूर्ण बाहेर ओढून फक्त स्टीलची पट्टी थोडी-थोडी बाहेर वाकवा, प्लास्टिकवर जोर येऊ देऊ नका. फार सैल केलात तर गादी नीट टेकणार नाही, पुढची-मागची हवा एकमेकांना मारेल आणि आधीच कमी असलेला बेस आणखी जाईल. जाड काडीचा चष्माही हेच करतो.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत गाद्यांकडे लक्ष हवं. रेक्झिनची गादी घामाने सोलपटते, मखमली टिकते पण घाम धरून चपटी होते. चपटी झाली की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि स्वर बदलतो, तो इतका हळू की कळतच नाही. रोज ऐकत असाल तर दीड-दोन वर्षांत गाद्या बदला. पावसाळ्यात ऐकून झाल्यावर लगेच डब्यात कोंबू नका, अर्धा तास उघड्यावर ठेवा.

डग्ग्यावर एका बाजूने फरफर आली तर ड्रायव्हर फाटला असं समजून घाबरू नका. बहुतेक वेळा एखादा केस जाळीतून आत जाऊन पडद्याला टेकलेला असतो. गादी कडेने ओढून काढा, आतली फोमची चकती उचला, हाताच्या ब्लोअरने हलकी फुंकर मारा, केस चिमट्याने उचला. व्हॅक्यूम क्लीनर किंवा दाबाच्या हवेचा डबा वापरलात तर पडदाच निकामी होईल.

बाहेरची स्वस्त केबल लावल्यावर बेस एकदम नाहीसा झाला आणि गायक मधोमध न राहता चहूकडे विखुरला, तर एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. एचडी ६०० च्या प्लगला एक पिन जाड, एक बारीक असते. मूळ केबल लावून बघा, गायक परत मध्ये आला तर नवी केबल दुकानात परत करा.

एचडी ६०० च्या गाद्या, केबल, जाळ्या, डोक्याची पट्टी, अगदी ड्रायव्हरही हाताने सुटे होतात, आणि सुटे भाग विकत मिळतात. म्हणून वापरलेली जोडी घ्यायला हरकत नाही. घेताना केबल कपापाशी हलवून आवाज तुटतो का बघा, आणि दोन्ही बाजूंनी मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज असलेला) तानपुरा वाजवा. तो नाकासमोर, बरोबर मध्यभागी ऐकू आला पाहिजे. एका बाजूला झुकत असेल तर आधी गाद्या अदलाबदल करून बघा. तरीही झुकत असेल तर घेऊ नका.