रंगीत पॅच कॉर्ड घेतल्या आणि रॅक एकदम सुटसुटीत झाला

आमच्या ऑफिसच्या रॅकमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या कपाटात, सगळ्या केबल राखाडी, एक प्रिंटर बंद पडला तरी अर्धा तास वायरी ओढून बघत बसायचं, म्हणून मागच्या महिन्यात पुण्यात तपकीर गल्लीतून कॅट ६ च्या (हा नेटवर्क केबलचा एक प्रकार) पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना क्लिपवाला प्लग असलेल्या तयार छोट्या केबल, चार रंगांत आणल्या. निळी कॉम्प्युटरला, हिरवी फोनला, पिवळी कॅमेऱ्यांना आणि लाल फक्त राउटर-सर्व्हरला, लालला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असं सगळ्यांना सांगून ठेवलंय. रंगाने स्पीडमध्ये काही फरक पडत नाही हां. पण घेताना शुद्ध तांब्याचीच मागा, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त पडते पण कॅमेऱ्याला त्याच केबलमधून पॉवर द्यायची असेल तर ती जास्त तापते. क्लिप मस्त घट्ट बसते. तक्रार एकच, पिवळी अर्ध्या मीटरची मिळाली नाही, १ मीटरची गुंडाळून ठेवावी लागली. आणि रंगांचा तक्ता रॅकच्या दाराला आतून चिकटवाच, आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाने तो बघून पहिल्याच दिवशी बंद फोनची केबल शोधून काढली, खूप बरं वाटलं मला.