कथा सांगायला ओवी की पोवाडा?

फोंड्यात मुलांना कथाकाव्य शिकवताना हा प्रश्न दरवर्षी येतो. छंद, यमक, रचना कुठे नीट उलगडून दाखवता येते?

गोव्यात ओवीचं पारडं आधीच जड आहे. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 साली रायतूरला छापलं गेलं, तेही ओवीतच. ग्रंथातल्या ओवीचे (जात्यावरची वेगळी) चरण चार. पहिल्या तिघांच्या शेवटी यमक, चौथा आखूड आणि यमकावाचून. अक्षरसंख्या पक्की बांधलेली नाही, म्हणून गणांची (लघु-गुरू अक्षरांच्या ठरलेल्या गटांची) पट्टी लावत बसू नये, चूक तिथेच होते. तो आखूड चरण मोठ्यानं वाचा: तिथं श्वास थांबतो आणि कथा पुढे सरकते. हजारो ओव्या वाचूनही कान थकत नाही, तो या थांब्यामुळे.

पोवाडा मात्र कागदावर अर्धाच असतो. अगीनदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा नुसता वाचला तर ओळी लांबआखूड, वेड्यावाकड्या वाटतात. डफ वाजला की शाहीर अक्षरं कुठे दाटून, कुठे ताणून तालात बसवतो, झीलकरी (मागून सूर धरणारे साथीदार) 'जी जी' म्हणत मधली जागा भरतात. म्हणजे इथं अक्षरं मोजून भागत नाही, टाळी धरावी लागते. यमकही सलग ओळींवर आदळत राहतं. लढाईला ते शोभतं, शांत प्रसंगाला नाही.

मी सुरुवात ओवीनंच करतो. पोवाडा नंतर, आणि तोही ऐकवूनच.